सॅलड करणे ही कलाकृती कशी?

प्रश्न : रोजच्या साध्या कृतींनाही कला मानणाऱ्या, १९६० च्या दशकातील ‘फ्लक्सस’ या कलाचळवळीविषयी वाचताना एलिसन नोल्स या अमेरिकन कलावतीचे नाव वारंवार येते, मात्र बहुतेक ठिकाणी रंगमंचावर सॅलड करणारी बाई एवढीच त्यांची ओळख असते. चळवळीत त्यांचे नेमके कार्य काय होते? आणि सॅलड करणे ही कलाकृती कशी ठरते?

उत्तर : सॅलडची थट्टा जितकी झाली, तितका त्याचा विचार झालेला नाही. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या नोल्स सप्टेंबर १९६२ मध्ये जर्मनीतील वीस्बाडेन येथे चळवळीचे प्रवर्तक जॉर्ज मॅच्यूनस यांनी भरवलेल्या पहिल्या फ्लक्सस मैफलींत सहभागी होत्या. त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांनी ‘मेक अ सॅलड’ सादर केले. ‘सॅलड करा’ एवढीच त्याची संहिता. भाज्या चिरण्याचा आणि ढवळण्याचा आवाज ऐकायचा, ती क्रिया पाहायची आणि अखेरीस प्रेक्षकांनी ते सॅलड खायचे, असा हा प्रयोग असे. संगीतरचना जशी स्वरलिपीत असते आणि दर वादनात वेगळी होऊनही तीच राहते, तशीच येथे कलाकृती सूचनेत आहे. सूचनेलाच रचना मानण्याची कल्पना संगीतकार जॉन केज यांच्या वर्गात शिकलेल्या जॉर्ज ब्रेक्ट प्रभृतींनी आधीच रुजवली होती; नोल्स यांनी ती स्वयंपाकघरात, म्हणजे बहुधा स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या आणि म्हणूनच कोणी निरखून न पाहिलेल्या कामापर्यंत नेली, हे माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व आहे.

त्यांच्या ‘बीन रोल्स’मध्ये पत्र्याच्या डब्यात घेवड्याचे सुके दाणे आणि त्याविषयीच्या मजकुराच्या छोट्या गुंडाळ्या आहेत, वाचला तर तो ग्रंथ, हलवला तर वाद्य.

निरनिराळ्या कलांच्या मधल्या जागेत घडणाऱ्या अशा निर्मितीला ‘इंटरमीडिया’ हे नाव त्यांचे पती डिक हिगिन्स यांनी १९६६ मधील लेखातून रूढ केले. त्यामुळे पतीच्या सिद्धान्ताचे उदाहरण म्हणून नोल्स यांच्याकडे पाहण्याची सवय काही समीक्षकांना लागली. सॅलड त्या लेखाच्या चार वर्षे आधीचे आहे, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

‘द हाउस ऑफ डस्ट’ (१९६७) तर याहून धाडसी. घर कशाचे, कोठे, कोणत्या प्रकाशात आणि त्यात कोण राहते, अशा चार याद्या नोल्स यांनी केल्या. संगीतकार जेम्स टेनी यांनी त्या फोरट्रान या संगणकभाषेत घातल्या आणि यंत्राने त्यांतून यदृच्छेने कडव्यांमागून कडवी जुळवली. पुढे त्यांपैकी एका कडव्याच्या आधारे प्रत्यक्ष वास्तू उभारण्यात आली. नोल्स कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समध्ये शिकवू लागल्या तेव्हा ती वास्तूही तेथे हलवण्यात आली, आणि विद्यार्थ्यांचे वर्ग व प्रयोग तिच्यात आणि तिच्या अवतीभवती होऊ लागले.