रान माजलेल्या बागेला हात घालताना

या वेळच्या बहुतेक पत्रांत परिस्थिती एकच आहे. बागेकडे बरीच वर्षं कुणी पाहिलेलं नाही, आता ती पुन्हा उभी करायची आहे, आणि सुरुवात कुठून करावी ते उमगत नाही. म्हणून उत्तरं कामाच्या क्रमानं लावली आहेत: आधी झाडांची ओळख, मग छाटणी, मग तण आणि सगळ्यात शेवटी लागवड.

प्रश्न : जुनं घर ताब्यात आलं, मागे नुसतं रान आहे. यंत्र फिरवून सगळं सपाट करावं आणि नव्यानं लावावं, असं घरच्यांचं म्हणणं आहे. योग्य आहे का?

कृपा करून सपाट करू नका. आज अडगळ वाटणाऱ्या त्या झुडपांची मुळं कित्येक वर्षांत खोल आणि लांबवर गेली आहेत. नर्सरीतून आणलेल्या रोपाला तिथवर पोहोचायला तितकीच वर्षं लागतील. शिवाय अशा बागेत जमिनीखाली बरंच काही झोपलेलं असतं. भुईचाफा किंवा फुटबॉल लिलीचे कंद वर्षातले काही महिने वर पानसुद्धा दाखवत नाहीत. यंत्र फिरलं की ते चिरडतात, माती दबते आणि मातीत पडून राहिलेलं तणांचं बी उजेडात येतं. पुष्कळ तणांचं बी उजेड लागला की रुजतं, त्यामुळे सपाट केलेली जागा बघता बघता पुन्हा हिरवी होते आणि त्या हिरव्यात तुमच्या उपयोगाचं जवळपास काही नसतं.

शक्य असेल तर बागेला एक पूर्ण वर्ष द्या. तेवढा धीर नसेल तर निदान एक फुलांचा बहर तरी जाऊ द्या. तोवर हात बांधून बसायचं नाही. वाळलेल्या फांद्या निःशंक काढा. शंका आली तर साल नखानं खरवडून पाहा, खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. फुलोऱ्यावर आलेलं तण बी धरण्याआधी उपटा. गाजरगवत असेल तर हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. त्यानं अनेकांच्या अंगावर पुरळ येतं. जे ठेवायचं ठरलं, त्याला रंगीत चिंधी बांधा. ज्याची ओळख पटली नाही, तेही तूर्त ठेवण्यातच धरा.

आणि दाट झाडीत शिरताना पायात बूट, हातात लांब काठी असू द्या. पालापाचोळ्यात हात घालण्याआधी काठीनं हलवून पाहा. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर ती फांदी थांबू शकते.

प्रश्न : जास्वंद आणि मोगरा डोक्याच्या वर गेलेत. खाली नुसत्या काटक्या, फुलं फक्त शेंड्याला. किती छाटलं तर झाड मरणार नाही?

एका वेळी एकूण झाडाच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त काढू नका. झाड अन्न तयार करतं ते पानांत, आणि मुळांचं पोषणही त्याच अन्नावर चालतं. सगळी पानं एकदम गेली तर अशक्त झाडाला नवी पालवी फोडायला शिल्लक काही उरत नाही.

जुन्या झुडपासाठी तीन वर्षांचा बेत चांगला. पहिल्या वर्षी सगळ्यात जुन्या, जाड फांद्यांपैकी एक तृतीयांश थेट बुडापासून कापा. शेंडे खुडत बसू नका; त्यानं वरचीच गर्दी वाढते. बुडाशी उजेड पोहोचला की तिथून नवे धुमारे येतात. पुढच्या दोन वर्षांत उरलेल्या जुन्या फांद्या काढल्या की झाड जवळजवळ नवं होतं, आणि या काळात ते एकदाही उघडंबोडकं दिसत नाही.

जास्वंद, मोगरा आणि बहुतेक गुलाब नव्या फुटव्यावर फुलतात, म्हणून छाटणीनं त्यांची फुलं वाढतात. काही झाडं मात्र मागच्या हंगामातल्या फांदीवर फुलतात. ती बहराच्या तोंडावर छाटली तर त्या वर्षीची फुलं गेली. झाड कोणत्या प्रकारचं आहे ते ठाऊक नसेल तर फुलं संपण्याची वाट पाहा आणि लगेच छाटा. मोरपंखीबद्दल विशेष सावधगिरी हवी. तिच्या आतल्या तपकिरी, पानं नसलेल्या लाकडापर्यंत कात्री गेली तर तिथे सहसा पुन्हा हिरवं येत नाही. तिला फक्त वरवर, हिरव्या भागातच कापायचं.

प्रश्न : झाडाची जाड फांदी छपरावर आली आहे. कापल्यावर जखमेला डांबर किंवा रंग लावावा का?

लावू नका. अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडांची खोडं उभी चिरून आतली कूज कशी पसरते ते तपासलं आणि १९७०च्या दशकात त्याबद्दल सविस्तर मांडणी केली. झाड जखमी भाग दुरुस्त करत नाही; त्याच्याभोवती आतून कुंपण घालून कूज अडवतं. रंगानं या कामाला काही मदत होत नाही, उलट खाली ओल कोंडू शकते.

खरा प्रश्न कुठे कापायचं याचा आहे. फांदी खोडाला मिळते तिथे थोडा फुगीर भाग असतो. तो शाबूत ठेवून त्याच्या लगेच बाहेर कापा. फुगवटाच काढला तर जखम मोठी होते, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. जाड फांदी तीन कापांत काढायची: खोडापासून फूटभर अंतरावर खालून अर्धवट काप, त्याच्या थोडं पुढे वरून पूर्ण काप आणि शेवटी उरलेला खुंट. खालचा काप चुकवला तर पडणारी फांदी खोडाची साल सोलत नेते. छपरावरची किंवा विजेच्या तारांजवळची फांदी मात्र स्वतः कापू नका, जाणकार माणूस बोलवा.

प्रश्न : लव्हाळा उपटला की दुप्पट येतो. काय करावं?

कारण तुम्ही पात उपटता आणि गाठी आत राहतात. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या जोडलेल्या असतात. ओढल्यावर माळ तुटते आणि सुटी झालेली गाठ आपापला कोंब काढते. जमेल तिथे माती ओलसर असताना खुरप्यानं खणून गाठींसकट काढा. उरलेल्यांसाठी एकच उपाय खात्रीचा आहे: कोंब दिसला की दर दोन-तीन आठवड्यांनी कापत राहणं. नवी गाठ धरायला वेळच मिळाला नाही तर जुनीतला साठा संपत जातो. याला एकाहून जास्त हंगाम लागतात, हे मनाशी आधीच धरून चला. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, म्हणून दाट पानांची झाडं तिथे लावली की काम हलकं होतं.

ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून, कडा मातीत दाबून, कडक उन्हात ४ ते ६ आठवडे ठेवलं तर बियांपासून येणारी बरीच तणं मरतात. लव्हाळ्यापुढे मात्र या उपायाचा भरवसा नाही. काढलेल्या गाठी खताच्या ढिगात टाकू नका. ढीग आतून ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापला नाही तर त्या जिवंत राहतात, आणि घरचे ढीग क्वचितच इतके तापतात.

प्रश्न : कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांसारखी वेल पसरली आहे, मूळ सापडत नाही.

ती अमरवेल. तिचं मूळ जमिनीत नसतंच, ती झाडाच्या आत शोषकं घालून जगते. तुकडा उरला तरी पुन्हा पसरते, म्हणून नुसती ओढू नका. ती चिकटलेल्या फांद्यांसकट कापा आणि बी धरण्याआधी हे काम संपवा.

प्रश्न : मोठ्या झाडाखाली काहीच उगवत नाही. फूटभर मातीची भर घालून हिरवळ लावली तर?

त्या भरीखाली झाडाचा जीव घुसमटेल. अन्नपाणी घेणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या फूट-दोन फुटांत असतात आणि त्यांना हवा लागते. पाचोळ्याचा दोन इंची थर द्या, तोही खोडाला न टेकवता. मुळांच्या मधल्या बेचक्यांत नेचे किंवा स्पायडर प्लांटसारखी सावलीत रमणारी छोटी रोपं लावा.

प्रश्न : नवी रोपं कधी लावू?

छाटणी आणि तणाचं काम झाल्यावर. छाटणीनं ऊन-सावलीचा नकाशाच बदलतो. त्याआधी निवडलेली जागा चुकीची ठरते. फूटभर खोल खड्डा पाण्यानं भरा, जिरलं की पुन्हा भरा आणि पातळी तासाला किती उतरते ते मोजा. इंचभरही उतरली नाही तर तिथे पाणी साचतं. तिथे उंचवटा करून लावा किंवा ओल सोसणारं झाड निवडा.

खड्डा मातीच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद करा, पण गोळ्यापेक्षा खोल नको. पिशवीत गोल गोल फिरलेली मुळं मोकळी करा, न सुटणारी कापा, नाहीतर पुढे तीच खोडाला आवळतात. दोन रोपांतलं अंतर पूर्ण वाढलेल्या झाडाच्या घेरावरून ठरवा. बहुतेक बागा पुन्हा माजतात त्या इथेच, सुरुवातीची मोकळी जागा पाहावत नाही म्हणून. ती जागा हंगामी फुलांनी किंवा पाचोळ्यानं झाका. नव्या रोपाला रोज वरवर शिंपडण्याऐवजी बोटाची दोन पेरं मातीत घालून पाहा आणि कोरडं लागलं की मुळांपर्यंत जाईल इतकं पाणी द्या.