मालिशीने कंबर तात्पुरती बरी होते, पण तिच्यात बळ कसे आणावे?

बैठ्या कामामुळे कंबरेचा खालचा भाग वरचेवर दुखतो, मालिश केली की दोन दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते, असे आपण लिहिले आहे. मी वैद्य नाही. परंतु पंधरा वर्षे खुर्चीत बसून हिशेबाचे काम केल्यावर एके सकाळी पाण्याची बादली उचलताना माझ्या कंबरेत उसण भरली आणि पुढची दोन वर्षे मीही याच फेऱ्यात अडकलो होतो.

मालिशीने आखडलेले स्नायू सैल होतात आणि वेदना काही काळ कमी होते, पण स्नायूंची ताकद वाढत नाही. म्हणून मालिशीनंतर हालचाल सोपी झालेली असते, त्याच वेळी व्यायाम करावा, हे मला फिजिओथेरपिस्टने पटवून दिले, आणि खरा फरक तिथूनच पडला. पालथे झोपून, पोटाखाली पातळ उशी घेऊन, कोमट तिळाच्या तेलाने कण्याच्या दोन्ही बाजूंना व नितंबांवर तळहाताने दहा मिनिटे मालिश करून घ्यावी. मणक्यांवर थेट दाब देऊ नये. उसण भरल्यावर पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याचा उपाय आमच्याकडे अजूनही सुचवला जातो, तो कृपया करू नका.

व्यायामांपैकी कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातील मणक्याचे अभ्यासक व निवृत्त प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेले तीन प्रकार मला सर्वाधिक उपयोगी पडले. हात व गुडघे जमिनीवर टेकवून उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ ताणणे, मग बाजू बदलणे, हा पहिला. दुसऱ्यात कुशीवर, कोपर आणि गुडघ्यांच्या आधाराने कंबर उचलून धरायची. तिसऱ्यात उताणे पडून, एक गुडघा दुमडून, दोन्ही तळहात कंबरेखाली ठेवून डोके व खांदे जेमतेम उचलायचे. प्रत्येक स्थिती 10 सेकंदांहून अधिक धरू नये. ताकद वाढली की वेळ न वाढवता आवर्तने वाढवावीत. झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर पुढे वाकण्याचे व्यायाम टाळावेत.

याच्या जोडीला चालणे हवेच. ऑस्ट्रेलियातील 701 जणांवरील, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणे वाढवणाऱ्या गटात दुखणे परत येण्याचा मध्यक काळ (म्हणजे निम्म्या जणांचे दुखणे परतेपर्यंतचा काळ) 208 दिवस होता, तर इतरांत तो 112 दिवस होता. दुखत असले तरी दिवसचे दिवस अंथरुणाला खिळून राहिल्याने स्नायू अधिकच दुबळे होतात.

मात्र पायात बळ नसणे, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप, कारणाविना घटणारे वजन, किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, यांपैकी काहीही असल्यास मालिश आणि व्यायाम दोन्ही थांबवून त्वरित डॉक्टरांकडे जावे.

पहिले तीन आठवडे मला काहीच फरक जाणवला नाही आणि मी व्यायाम सोडणारच होतो; सहाव्या आठवड्यात मात्र सकाळी भिंतीचा आधार न घेता उठता येऊ लागले. बादली मी आजही उचलतो, पण गुडघे वाकवून आणि अंगाजवळ धरून.