आठवण येत नाही, की काढत नाही?

“‘तुझी आठवण आली नाही असा एकही दिवस जात नाही.’ हे वाक्य मी लिहिलंय मॅडम, आणि ते खोटं आहे.”

पर्समधून पेपरचं कात्रण काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. आईच्या प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात. वर फोटो, खाली ‘शोकाकुल’मध्ये सगळ्यांची नावं. या ताई छत्तिशीच्या, सांगलीकडच्या, एका पतसंस्थेत वसुलीचं काम बघणाऱ्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि लिहिण्याआधी त्यांना विचारलं आहे.) जाहिरात वाचून नातेवाइकांचे फोन आले, किती छान लिहिलंस म्हणाले. त्या प्रत्येक फोनगणिक यांना जास्त अपराधी वाटत गेलं.

“दिवसच्या दिवस जातात, आई आठवतच नाही. आणि तिचा आवाज? डोळे मिटून कितीही प्रयत्न केला तरी येत नाही. मी एवढी कोरडी आहे का?”

हा प्रश्न माझ्याकडे नवा नाही. पितृपक्षाच्या आसपास तर हमखास येतो. माणसं ‘दुःख आवरत नाही’ म्हणून येतात तशीच ‘दुःख पुरेसं होत नाही’ म्हणूनही येतात. दुसऱ्या प्रकारची माणसं फक्त दबक्या आवाजात बोलतात.

आधी झोप, भूक, काम, जगण्याची इच्छा याबद्दल विचारून घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळलेल्या शोकाला स्वतंत्र निदान आहे. मृत्यूनंतर किमान ६ महिने उलटूनही तीव्र ओढ किंवा वेदना टिकून असेल आणि रोजचं जगणं विस्कटलं असेल, तरच ते लागू होतं. यांचं तसं काही नव्हतं. डबा, ऑफिस, मुलाचा अभ्यास सगळं चालू होतं, आणि नेमकं तेच त्यांना खुपत होतं.

मी विचारलं, “घरी आईची आठवण कोण काढतं?”

त्या थोड्या थांबल्या. “कुणीच नाही. बाबांचं बीपी वाढतं. दादानं तेराव्यालाच सांगून टाकलं, बाबांसमोर विषय नको. फोटोही आतल्या खोलीत आहे.”

इथे मला मराठीचं फार कौतुक वाटतं. आठवण येते आणि आठवण काढलीही जाते. येते ती तिच्या मर्जीनं. काढायची तर माणसं लागतात, निमित्त लागतं, ‘अगं, तिला कारल्याची भाजी कशी चालायची नाही’ म्हणणारं कुणीतरी लागतं. पण आपण ‘आठवणी काढत बसू नकोस’ असं म्हणतो. त्या ‘बसू नकोस’मुळे आठवण काढणं हा रिकामटेकडेपणा ठरतो. या घरात १४ महिने कुणी काढलीच नव्हती, आणि या बाई ती येत नाही म्हणून स्वतःला दोष देत होत्या.

आवाजाचं म्हणाल, तर आठवणं आणि ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मनात मुद्दाम आवाज उभा करणं अवघड असतं. तोच आवाज कानावर पडला तर क्षणात ओळखू येतो. शिवाय आठवण म्हणजे कपाटातली जशीच्या तशी घडी नव्हे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवून दिलं होतं की आठवताना माणूस दर वेळी गोष्ट नव्यानं रचतो. त्यात काही गळतं, काही भर पडते. मी एवढंच विचारलं, “आईचा आवाज आत्ता फोनवर आला तर ओळखाल?”

“म्हणजे काय! ‘हॅलो’लाच ओळखेन.”

मग त्यांच्या कामाबद्दल बोलणं निघालं. दिवसभर त्या थकबाकीदारांना स्मरणपत्रं पाठवतात. पहिलं, दुसरं, अंतिम. मी म्हटलं, “आईच्या बाबतीतही तुम्ही स्वतःला स्मरणपत्रंच पाठवताय. एवढं दुःख देणं होतं, एवढंच भरलं, बाकी थकलंय.” त्या पहिल्यांदा हसल्या. (वसुलीवाल्यांना हा विनोद लगेच कळतो.)

पुढच्या भेटीला एक काम दिलं. आठवड्यात आपल्या हातून आईसारखं काय काय होतं ते टिपायचं. त्या दीड पान लिहून आल्या. लोणच्याच्या बरणीला आईच्याच जुन्या साडीचा दादरा. दूध तापताना ओट्यावर बोटांनी धरलेला ताल. आणि रात्री बाबांच्या हातात गोळी देताना म्हणतात ते, “आठवणीनं घ्या हं.” हे वाक्य आईचं. लिहिताना त्यांच्या लक्षात आलं, आणि तिथे त्या रडल्या.

मृत व्यक्तीपासून मन हळूहळू सोडवून घेणं म्हणजे शोक, असं मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी १९१७ मध्ये मांडलं आणि ते बराच काळ चाललं. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या शोकाच्या अभ्यासकांनी वेगळं म्हटलं: नातं तुटत नाही, रूप बदलून चालू राहतं. माझ्या अनुभवाला हे दुसरं जास्त पटतं. ज्यांच्या घरात आजेसासूच्या मापानं अजून डाळ मोजतात, त्यांना हे सांगायला १९९६ उजाडावं लागलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

बाबांसमोर विषय काढण्याची भीती मात्र खरी होती. त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या, म्हटलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या नीट चालू आहेत, बोला खुशाल. फोटो घेऊन रडायला बसायचं नाही, जेवताना सहज एखादं वाक्य टाकायचं, असं आम्ही ठरवलं.

तीन आठवडे काही जमलं नाही. मग एके रात्री जेवताना बाबांना उचकी लागली. सवयीनं नातवानं नावं घ्यायला सुरुवात केली, कोण आठवण काढतंय म्हणून. मामा, आत्या, बँगलोरची मावशी. उचकी थांबेना. नावं संपली आणि सगळे गप्प झाले.

“आजीचं राहिलं की रे,” बाबा म्हणाले.

त्यानंतर म्हणे तासभर कुणी उठलं नाही, ताटं वाळून गेली. उचकी मात्र पाणी प्यायल्यावरच थांबली.