नवीन रोलप्लेइंग गेम शिकायला खेळाडू नाखूश का असतात?

आपण विचारले आहे की, आपला गट सुरुवातीपासून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या रोलप्लेइंग गेमची (म्हणजे प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र होऊन गोष्ट पुढे नेण्याच्या खेळाची) पाचवी आवृत्तीच खेळत आला आहे आणि दुसरी कोणतीही सिस्टम, म्हणजे वेगळ्या नियमांचा खेळ, सुचवली की ‘पुन्हा सगळे नियम कोण शिकणार?’ असे म्हणून विषय बंद होतो. हा आळस समजावा काय? मी पुण्यातील एका गटासाठी बऱ्याच वर्षांपासून गेम मास्टरचे, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्याचे, काम करतो, आणि माझ्या मते याला आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल.

ज्या खेळातून माणूस या छंदात येतो, त्या खेळाला लागलेले कष्ट प्रत्येक खेळाला लागणारच, असे तो धरून चालतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सची मुख्य पुस्तकेच तीन. त्यातले क्लास (पात्राचा पेशा), स्पेल स्लॉट (मंत्र किती वेळा वापरता येतील याची मर्यादा) आणि प्रत्येक लेव्हलला मिळणाऱ्या नव्या क्षमता अंगवळणी पडायला महिने जातात. एवढ्या मेहनतीने कमावलेले प्रावीण्य बाजूला ठेवून पुन्हा नवशिके व्हायचे, तेही सगळ्यांना महिन्यातून जेमतेम एखादा रविवार जमत असताना, ही धास्ती खरी आहे. शिवाय पहिल्या लेव्हलपासून वाढवलेल्या पात्रावर जीव जडलेला असतो, आणि नवा खेळ म्हणजे त्या पात्राचा कायमचा निरोप, असे अनेकांना वाटत असूनही ते तसे बोलून दाखवत नाहीत.

प्रत्यक्षात बऱ्याच सिस्टम इतक्या अवजड नसतात. ‘कॉल ऑफ कथुलू’ हा भयकथांचा खेळ १९८१ पासून खेळला जातो, पण त्याचा गाभा दोन मिनिटांत सांगता येतो: पात्राच्या शीटवर (माहितीच्या कागदावर) ‘स्पॉट हिडन ५५’ असे असेल, तर शंभरापर्यंतचा आकडा देणारे फासे टाकायचे आणि ५५ किंवा त्याहून कमी आले की लपलेली वस्तू दिसली. काम अवघड असेल तर आकडा निम्म्याच्या आत यावा लागतो. गेम डिझायनर जॉन हार्पर यांचा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ तर एका पानात मावतो. मेंढीकोट येणाऱ्याला जजमेंट हा पत्त्यांचा दुसरा खेळ शिकवताना आपण हुकूम म्हणजे काय, येथून सुरुवात करत नाही. तसेच पात्राच्या तोंडून बोलणे, प्रसंग रंगवणे आणि फाशाचा कौल मानणे हे आपल्या खेळाडूंना आधीच येते.

खरी अडचण, मला वाटते, जुनी सवय सुटण्याची आहे. हार्पर यांच्याच ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये चोरांची टोळी कामगिरीवर निघते, तेव्हा योजनेचा प्रकार आणि त्यातला एखादा तपशील ठरवून, एकदा फासे टाकून, थेट कामगिरीच्या मध्यावर उडी घ्यायची असते. पुढे पहारेकरी आडवा आला, तर ‘याला मी कालच पैसे चारले होते’ असा फ्लॅशबॅक खेळाडू घेऊ शकतो, आणि तो प्रसंग किती सहज घडू शकला असता यावर त्याला किती स्ट्रेस (पात्रावरचा ताण, जो आकड्यांत मोजतात) सोसावा लागेल हे ठरते. नियम एवढाच आहे. तरीही आमच्या टेबलावर नियमांत सर्वांत तरबेज असलेली खेळाडू खिडक्या किती, कुत्री आहेत का, मागचे दार कोठे उघडते, हेच बराच वेळ विचारत राहिली, कारण तयारीशिवाय आत शिरणे म्हणजे मरण, हे तिच्यात अगदी हाडीमाशी भिनले होते. पहिला फ्लॅशबॅक मात्र तिनेच घेतला, आणि नंतर खेळाला जी रंगत चढली ती मला फार आवडली.

म्हणून चालू कॅम्पेन (अनेक बैठकांतून चालणारी सलग गोष्ट) बंद करण्याची भाषा करू नये. एखादा खेळाडू गैरहजर असेल, त्या दिवशी वन-शॉट, म्हणजे एकाच बैठकीत संपणारा खेळ, ठेवावा, नियम आपण एकट्याने वाचून ठेवावेत आणि पात्रे तयार करून हातात द्यावीत. कॉल ऑफ कथुलूची क्विक-स्टार्ट (झटपट सुरुवातीची) पुस्तिका त्याच्या प्रकाशकाने, केऑसियमने, मोफत उपलब्ध करून दिली आहे. आमंत्रण देताना सिस्टमचे गुण न सांगता ‘१९२०च्या दशकातल्या झपाटलेल्या घराची गोष्ट खेळू या’ असे म्हणावे, आणि त्यांच्या आवडत्या खेळाला चुकूनही कमी लेखू नये, कारण ते त्यांना स्वतःलाच कमी लेखल्यासारखे वाटते. एवढे करूनही काहींना नकोच असेल, तर त्यांच्या नकाराचा मान राखून उत्सुक दोघा-तिघांसोबत वेगळा दिवस ठरवावा. वर सांगितलेले तिन्ही खेळ तेवढ्या माणसांतही उत्तम होतात.