पर्यावरणासाठी रिमोट सेन्सिंग-जीआयएसमध्ये (उपग्रह-प्रतिमा आणि संगणकीय नकाशांच्या शास्त्रात) एम.एस्सी. करावी, की सहा महिन्यांचा सॉफ्टवेअर कोर्स पुरेसा आहे?

रत्नागिरीतून भूगोलाची पदवी घेतल्यावर पुढे काय, असे आपण विचारले आहे. माझ्या मते एम.एस्सी.च करावी. क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर फुकट आहे, सेंटिनेल आणि लँडसॅट या उपग्रहांच्या प्रतिमाही फुकट आहेत; कोणते बटण कोठे आहे एवढे शिकण्यासाठी कोणाला पैसे मोजण्याचे कारण नाही. प्रतिमेत जे दिसते ते तसे का दिसते, हे मात्र सहा महिन्यांत शिकून होत नाही, आणि काही ठिकाणी ते दोन वर्षांतही शिकवत नाहीत.

माझा प्रबंध आमच्या खाडीतील कांदळवनावर होता. सेंटिनेल-२ च्या दोन प्रतिमांपैकी नंतरच्या प्रतिमेत काठचा हिरवा पट्टा बराच अरुंद दिसत होता आणि ती तोडच आहे, असे मार्गदर्शकांनी ठरवून टाकले. माझे काका मासेमारी करतात. त्यांनी दोन्ही तारखा पंचांगात पाहिल्या, तेव्हा पहिली अष्टमी निघाली आणि दुसरी अमावास्या. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. त्या हिशेबाने अमावास्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकराच्या सुमारास भरती असते, तर अष्टमीला ती सहाला होऊन दुपारपर्यंत पाणी उतरलेले असते. उपग्रहाची कक्षा सूर्याशी जुळवलेली असल्यामुळे तो कोकणावरून नेहमी सकाळी अकराच्या सुमारासच जातो. त्यामुळे अष्टमीला उघडी असलेली काठची कोवळी तिवरे (कांदळवनातील झाडे) अमावास्येच्या प्रतिमेत उधाणाच्या पाण्याखाली होती; हिरवी पाने जे निकट-अवरक्त किरण परावर्तित करतात ते पाणी शोषून घेते, एनडीव्हीआय (हिरवाई मोजणारा निर्देशांक) घसरतो आणि १० मीटरच्या पिक्सेलमधून (प्रतिमेच्या चौकोनातून) जिवंत झाडे नाहीशी होतात. ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून मी जीपीएसने त्या जागा तपासल्या, तेव्हा तिवरे जागच्या जागी होती.

पंचांग हा संदर्भ होऊ शकत नाही, असे उत्तर मला मिळाले. मग मी सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टके जोडली. त्यांतही तेच निघाले, तरी तो भाग परिशिष्टात ढकलला गेला. हे मला आजही मान्य नाही. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली. अशा ठिकाणी तोड दाखवणारा नकाशा म्हणजे काठच्या कोणावर तरी ठेवलेला आरोप असतो.

संस्थांबद्दल थोडक्यात सांगायचे, तर पुणे विद्यापीठात जिओइन्फर्मॅटिक्सची एम.एस्सी. आहे, पुढे डेहराडूनची रिमोट सेन्सिंगची संस्था आयआयआरएस किंवा आयआयटी मुंबईचे याच विषयाचे केंद्र सीएसआरई यांचा विचार करता येईल. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आत्तापासूनच शिकायला घ्या. प्रवेशापूर्वी त्या विभागातील किनाऱ्यावरचा एखादा जुना प्रबंध मागून पाहा, आणि त्यात प्रतिमेच्या तारखेशेजारी भरतीची स्थिती नोंदवलेली नसेल, तर दुसरा विभाग शोधा. अर्थात आपला विषय सड्यावरची (कातळ-पठारावरची) गवताळ जमीन किंवा हापूसच्या बागा असा असेल, तर हा निकष लागू नाही. तेथे खरी अडचण जून ते सप्टेंबरच्या ढगांची असते, म्हणून ढगांतूनही पाहणाऱ्या सेंटिनेल-१ चा रडार डेटा हाताळणारे मार्गदर्शक आहेत का, हे आधी विचारून घ्यावे.