यॉर्कशायरच्या वॉर्डात बोलायचं कसं

अगं, तुझा प्रश्न वाचला. ओईटी, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीच्या इंग्रजी परीक्षेत, बोलण्याला बी ग्रेड मिळाली, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, एनएचएसची, नर्सच्या नोकरीची ऑफर हातात आली, काही महिन्यांत उत्तर इंग्लंडमधल्या वेस्ट यॉर्कशायरला रुजू व्हायचंय. पण कोल्हापुरात वॉर्डात दिवसभर मराठीच, आणि राउंडला कुणी इंग्रजीत विचारलं की येत असलेलं उत्तरही घशात अडकतं. म्हणून निघण्याआधी पुण्यात राहून ॲक्सेंट ट्रेनिंगचा महागडा क्लास करावा का, असं तू विचारलंयस.

तो क्लास करू नकोस. ते पैसे इथे इंग्लंडमध्ये पहिल्या भाड्याला आणि जाड कोटाला लागतील. ओईटीत बी मिळाली म्हणजे कामापुरती भाषा तुझ्याकडे आहेच. नाही ती सवय. वॉर्डातले ठराविक प्रसंग असतात, त्या प्रसंगी मोठ्याने, ठरलेल्या क्रमाने, गरज पडली तर समोरच्याला मध्येच थांबवून बोलावं लागतं. असे प्रसंग फार नाहीत आणि रोज तेच तेच येतात. तेवढे तोंडात बसले की बाकीचं इंग्रजी हळूहळू मोकळं होतं. केरळहून आणि फिलिपिन्सहून आलेल्या मुलींच्या बाबतीतही मी हेच होताना पाहिलंय.

सगळ्यात अवघड फोन. समोर चेहरा नाही, हातवारे नाहीत, आणि पलीकडचा डॉक्टर रात्री एकटा कितीतरी वॉर्ड सांभाळत असतो. समज, रात्रीचे दोन वाजलेत. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेले आजोबा आहेत. श्वास २२, ऑक्सिजन ९४, वरचं बीपी १०८, नाडी १०४, ताप ३८.४. शुद्धीवर आहेत, ऑक्सिजन लावलेला नाही. पेशंट किती बिघडलाय ते ओळखायला इथे सगळीकडे न्यूज टू नावाचा स्कोअर वापरतात. त्याची ही आवृत्ती रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये काढली. प्रत्येक मोजमापाला गुण असतात, त्यांची बेरीज करायची. आजोबांचे होतात ६. बेरीज ५ झाली की तातडीने कुणीतरी येऊन पाहायला हवं, ७ झाली की सरळ इमर्जन्सी.

आता फोनवर काय सांगायचं? आपल्याकडची सवय गोष्ट पहिल्यापासून सांगायची. परवा ॲडमिट झाले, काल ऑपरेशन झालं, संध्याकाळी नीट जेवले नाहीत, मुलगी येऊन गेली, मग अंग गरम लागलं, आणि शेवटी कुठेतरी स्कोअर. तिथपर्यंत पोचेस्तोवर डॉक्टरचं लक्ष उडालेलं असतं. तो मध्येच प्रश्न विचारतो, तुझा क्रम मोडतो आणि तू गडबडतेस. तिथे आपल्याला वाटतं की आपलं इंग्रजी वाईट आहे. खरं तर कामाची गोष्ट आधी यायला हवी होती, ती मागे राहिली.

यासाठी इथे एसबार वापरतात: सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन. ही पद्धत मुळात अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची, तिथून ती हॉस्पिटलांत आली. तुझ्या हॉस्पिटलला एनएबीएचची, म्हणजे दर्जाची, मान्यता असेल तर ड्युटी बदलताना फॉर्मवर हे भरलंही असशील. पण फॉर्म भरणं वेगळं आणि तोंडाने म्हणणं वेगळं. पहिलं वाक्य असं पाठ कर: ‘हॅलो, आय ॲम अमुक, स्टाफ नर्स ऑन वॉर्ड ट्वेल्व्ह. आय हॅव अ पेशंट हूज न्यूज स्कोअर हॅज गॉन फ्रॉम वन टू सिक्स.’ बस, डॉक्टर जागा झाला. मग वय, ऑपरेशन, कितवा दिवस. मग सगळी मोजमापं एका दमात, आणि तुला काय वाटतंय ते: ‘आय थिंक ही माइट बी सेप्टिक’, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनलं असावं. निदान करायचं नाहीये, शंका सांगायची आहे. आणि शेवटी मागणी: ‘कुड यू कम अँड सी हिम विदिन हाफ ॲन अवर? शल आय टेक ब्लड्स ॲट द सेम टाइम?’

ही मागणी करताना आपली जीभ सगळ्यात जास्त अडते. डॉक्टरला ‘अर्ध्या तासात या’ म्हणायचं म्हणजे आगाऊपणा, असं आपल्या अंगात मुरलेलं असतं. इथे नर्सने हे म्हणावं हीच अपेक्षा आहे. तू म्हटलं नाहीस, तर तुला नेमकं काय हवंय ते डॉक्टरला कळत नाही. तो ‘थँक्स फॉर लेटिंग मी नो’ म्हणून फोन ठेवतो, आणि आजोबा तसेच राहतात.

फोन ठेवण्यापूर्वी ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. आकडे तर हमखास. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘वन फाइव्ह’, ‘फाइव्ह झीरो’ असं सुटं म्हणायचं. त्यात कमीपणा नाही, इंग्रज नर्सही तसंच म्हणतात. तुझं आडनाव अल्फा, ब्राव्हो, चार्लीच्या भाषेत आत्ताच पाठ करून ठेव. इथे ते रोज कुणाला तरी स्पेल करून सांगावं लागणार आहे. हॉस्पिटलच्या आतला इमर्जन्सीचा नंबर २२२२. तो फिरवला की ‘ॲडल्ट कार्डिॲक अरेस्ट’ आणि नेमका वॉर्ड, एवढंच बोलायचं. हेही मोठ्याने म्हणून बघ, कारण घाबरल्यावर वॉर्डाचं नावच सुचत नाही.

उच्चारांबद्दल तू बरंच विचारलंयस. ब्रिटिश ॲक्सेंट आणायचा नाही, आणूही नकोस. तुझी मराठी धाटणी राहू दे, फक्त चार गोष्टी सांभाळ. पहिली, वेग कमी कर. आपण सगळे शब्द एका पट्टीत भरभर म्हणतो, इथल्या कानाला जोर कुठे पडतो ते हवं असतं. पॅरासिटामॉलमध्ये जोर ‘सी’वर येतो, रेस्पिरेटरी इथे बरेच जण ‘स्पि’वर जोर देऊन म्हणतात. रोजच्या वापरातल्या औषधांची यादी घे आणि ऑनलाइन शब्दकोशात ब्रिटिश उच्चार ऐकत एकेक म्हण. दुसरी गोष्ट आपल्या ‘व’ची. वॉर्डला ओठ गोल हवेत, व्हॉमिट म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकायला हवेत. आपण दोन्ही एकाच ‘व’ने म्हणतो. तिसरी, फिव्हरचा ‘फ’ ओठ पूर्ण मिटून म्हणू नकोस. चौथी, वाक्याचा शेवट गिळू नकोस. खात्री नसली की आपला आवाज शेवटच्या शब्दावर बुडतो, आणि ‘नॉट’ तिथेच असला तर अर्थ उलटा होतो.

आता पेशंट. ओईटीत समोर बसलेली बाई स्वच्छ इंग्रजी बोलत होती. यॉर्कशायरच्या आजीबाई तशा बोलणार नाहीत. ‘पुअर्ली’ म्हणजे आजारी. ‘नॉट टू क्लेव्हर’ म्हणजे बरं वाटत नाहीये. ‘स्पेंड अ पेनी’ म्हणजे लघवीला जायचंय, आणि ‘वॉटरवर्क्स’ म्हणजे लघवीचे अवयव. ‘टी’ म्हणजे बऱ्याचदा संध्याकाळचं जेवण. जुनी माणसं ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ म्हणतात, तेव्हा नऊ ते पाच असं समजायचं. ‘लव्ह’ म्हणून हाक मारतील, त्यात फक्त माया असते. हे सगळं इथे आल्यावर कळेलच, तिथे बसून पाठ करू नकोस. एकच गोष्ट आत्तापासून सोड: न समजता ‘हो हो’ करून मान हलवणं. आपल्याकडे ती नम्रता समजतात, इथे पेशंटला वाटतं तुला सगळं कळलं. ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन फॉर मी?’ हे वाक्य जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा वापर. कुणी चिडत नाही. ऐकू कमी येणाऱ्या माणसांनी भरलेल्या वॉर्डात हे सगळेच करतात.

प्रत्येक पेशंटशी पहिलं वाक्य स्वतःच्या नावाचं असू दे. यामागे एक माणूस आहे, त्याच भागातला. डॉ. केट ग्रेंजर यॉर्कशायरमध्ये वृद्धांच्या आजारांच्या डॉक्टर होत्या. त्यांना स्वतःला कॅन्सर झाला. २०१३ मध्ये पेशंट म्हणून हॉस्पिटलात असताना त्यांच्या लक्षात आलं की उपचार करायला येणारे कितीतरी जण आपलं नावही सांगत नाहीत. त्यातून त्यांनी ‘हॅलो, माय नेम इज’ ही मोहीम सुरू केली आणि ती सगळ्या एनएचएसमध्ये पसरली. २०१६ मध्ये त्या गेल्या. पुष्कळ जणांच्या छातीवर पिवळ्या बॅजवर ते शब्द तुला दिसतील. तुझ्यासाठी त्यात आणखी एक फायदा आहे. नावाचं वाक्य पाठ असतं, तेवढ्यात जीभ सुटते.

सहकाऱ्यांशी बोलताना हाक नावाने मारायची. ज्युनियर डॉक्टरांनाही नावानेच, ‘सर’ नको. सर्जन मात्र डॉक्टर न म्हणवता मिस्टर किंवा मिस म्हणवून घेतात, ही इथली जुनी रीत आहे. आणि काम सांगताना ‘कम फास्ट’, ‘गिव्ह मी द चार्ट’ नको. मराठीत ‘दे गं जरा’मधला जिव्हाळा आवाजात असतो, तो इंग्रजीत पोचत नाही आणि हुकूम सोडल्यासारखं वाटतं. ‘कुड यू’ आणि ‘वुड यू माइंड’ जिभेवर खेळवत ठेव.

पण कधीकधी मऊ बोलून चालत नाही, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डोस चुकीचा वाटतोय, पेशंट बिघडतोय आणि कुणी येत नाहीये. अशा वेळी तीन पायऱ्या आहेत. आधी ‘आय ॲम कन्सर्न्ड’. नाही ऐकलं तर ‘आय ॲम अनकम्फर्टेबल विथ धिस’. तरीही नाही, तर ‘धिस इज अ सेफ्टी इश्यू’. शेवटचं वाक्य ऐकलं की समोरचा थांबतो. न थांबला, तर नर्स इन चार्जकडे जा, वरच्या डॉक्टरला फोन कर. मिड स्टॅफर्डशायरच्या हॉस्पिटलातल्या हलगर्जीच्या चौकशीनंतर, २०१५ च्या फ्रान्सिस अहवालाच्या शिफारशीवरून, इंग्लंडमधल्या ट्रस्टमध्ये, म्हणजे हॉस्पिटलं चालवणाऱ्या एनएचएसच्या संस्थांत, फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन नेमले गेले. कर्मचाऱ्यांनी काळजीची गोष्ट निर्धास्तपणे त्यांना सांगायची. आपल्या ट्रस्टचा गार्डियन कोण ते इंडक्शनलाच विचारून घे. तुझ्या बोलण्याची कुणी नक्कल केली किंवा ‘इंग्लिश नर्स पाठवा’ म्हणालं, तरी ते मनात ठेवून घरी नेऊ नकोस, त्याच शिफ्टला सांग.

मग निघेपर्यंत करायचं काय? रोज ड्युटी संपली की तुझ्या वॉर्डातला एक खराखुरा पेशंट घे, नाव-गाव वगळून, आणि त्याचा एसबार इंग्रजीत मोबाइलवर रेकॉर्ड कर. दीड मिनिटाच्या वर जाऊ देऊ नकोस. ऐक, आणि स्कोअर किंवा मुख्य गोष्ट पहिल्या दोन वाक्यांत आली का तेवढंच तपास. व्याकरणाच्या चुका मोजत बसू नकोस. आठवड्यातून दोनदा मैत्रिणीला साधा फोन लाव, व्हिडिओ नाही. ती डॉक्टर, तू नर्स. तिला मुद्दाम मध्ये तोडायला, ‘काय? परत सांग’ म्हणायला लाव. आणि हातांनी काम करताना काय करतेयस ते तोंडाने म्हण, ड्रेसिंग असो की इंजेक्शन. इथे आल्यावर ऑस्की, म्हणजे नर्स म्हणून नोंदणीसाठीची प्रात्यक्षिक परीक्षा, द्यावी लागते. तिथे दहा स्टेशनं असतात आणि लेखी सोडली तर बाकीच्या ठिकाणी परीक्षकाला प्रत्येक पायरी बोलून दाखवावी लागते. हात बरोबर चालले पण तोंड बंद राहिलं, तर गुण जातात.

एक गोष्ट तुझ्याकडे आधीपासून आहे, तिचा विचार तू केलेला दिसत नाही. राधानगरीकडून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मावशींना इन्सुलिन कसं घ्यायचं ते तू रोज समजावतेस. सोपे शब्द वापरतेस, थांबतेस, ‘आता तुम्ही मला करून दाखवा’ म्हणतेस. इथे याला टीच बॅक म्हणतात आणि मुद्दाम शिकवतात. पुढच्या वेळी मावशी गेल्या की तेच सगळं एकदा इंग्रजीत म्हण.

पहिली रेकॉर्डिंग झाली की मला पाठव. माझ्या या आठवड्यात नाइट्स आहेत, रविवारी उठल्यावर ऐकेन. आणि पेशंटची मोजमापं बरोबर दे, स्कोअर मी पण काढून बघणार आहे.