खिडकीत आलेला कॉकटील कुणाचा?

लालबागच्या एका वाचक ताई लिहितात: ‘आठवड्यापूर्वी आमच्या चौथ्या मजल्याच्या ग्रिलवर एक राखाडी पक्षी येऊन बसला. तोंड पिवळं, गालावर नारिंगी ठिपका, डोक्यावर तुरा. दुकानदार म्हणाला, कॉकटील आहे, पोपटाच्या कुळातला पाळीव पक्षी. सध्या भाजीच्या टोपलीखाली ठेवलाय. नऊ वर्षांचा मुलगा त्याला क्षणभर सोडत नाही. सासूबाई म्हणतात, घरी आपणहून आलेला जीव घालवू नये. शेजारच्या काकू म्हणतात, उडवून द्या, पुण्य लागेल. काल परळला एका दुकानाबाहेर “हरवला आहे” असा कागद पाहिला. घरात अजून कुणाला सांगितलं नाही. काय करू?’

ताई, कागदावरच्या नंबरला आजच फोन करा. सासूबाई मायेनं बोलतात हे खरं, पण हा पक्षी घाबरून उडाला, वाट चुकला आणि दमून मिळेल त्या आधाराला टेकला. गेला आठवडाभर कुणीतरी त्याच्यासाठी इमारतींच्या गच्च्या पालथ्या घालत असणार.

फोनवर मात्र आधी वर्णन तुम्ही करू नका, त्यांना करू द्या. हा फुकटात मिळणारा, विकता येणारा पक्षी आहे, त्यामुळे खोटे मालकही येतात. पायात सांधा नसलेली कडी आहे का ते बघा. अशी कडी पिल्लू अगदी लहान असतानाच घालता येते, नंतर पंजा तिच्यातून जात नाही. म्हणून तिच्यावरचा नंबर हा पक्का पुरावा. तो कुणालाही सांगू नका, समोरच्याकडून ऐका. कडी नसेल तर हरवण्याआधीचे फोटो मागा आणि गालाचा ठिपका, पंखांचा पांढरा पट्टा, एखादं तुटलेलं नख जुळवून पाहा. शिट्टी मारतानाचा व्हिडिओ असेल तर पक्ष्याला ऐकवा. ओळखीचा आवाज आला की बरेच कॉकटील तुरा उभारून उत्तर देतात. जुळलं नाही, तर सोसायटीच्या फलकावर, जवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे आणि पक्ष्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानांत स्वतःची चिठ्ठी लावा, त्यात एक खूण मुद्दाम लिहायची नाही.

काकूंचं ऐकून उडवू मात्र नका. कॉकटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आणि हा बहुधा पिंजऱ्यातच जन्मलेला. अन्न शोधणं त्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि मुंबईचे कावळे अनोळखी, दमलेल्या पक्ष्याला टोचून मारतात. (तुमच्याकडे आपला हिरवा देशी पोपट आला असता तर गोष्ट वेगळी होती. तो 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, घरात ठेवता येत नाही. त्यासाठी वनविभागाचा 1926 हा नंबर.)

मालक येईपर्यंत टोपली बदला. तिच्या फटीत पंजा अडकतो. साधा पिंजरा उसना आणा आणि अंगठ्याएवढ्या जाडीची पेरूची फांदी आडवी लावा. खायला राळा आणि बाजरी, दिवसाला 10 ते 15 ग्रॅम, शिवाय धुतलेली कोथिंबीर किंवा पालक. पोपटाला घालतात तशी मिरची दिली तर बिघडत नाही, पण त्यानं याचं पोट भरत नाही. दूध, चहात बुडवलेलं बिस्कीट, चॉकलेट, अवोकाडो, खारं-तळलेलं बिलकुल नको. वाटी वरून भरलेली दिसली तरी फुंकर मारून बघा, बहुतेक वेळा नुसती टरफलं असतात आणि पक्षी उपाशी. पाणी उथळ वाटीत, बाजूला. चोचीत थेंब सोडू नका, ते श्वासनळीत जातं.

घरातला मोठा धोका पंख्याचा, त्यामुळे पक्षी बाहेर असेल तेव्हा पंखा बंदच हवा. त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेला धोका म्हणजे नॉनस्टिक तवा. तो जास्त तापला की निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. डासांची कॉइल आणि धूपही त्या खोलीत नको. रात्री एक मंद दिवा राहू द्या, पूर्ण अंधारात कॉकटील दचकून पिंजऱ्यावर आपटत राहतात. मुलाला सांगा, छातीला मूठ आवळायची नाही. पक्षी छातीचं हाड हलवूनच श्वास घेतो, ते दाबलं तर गुदमरतो. पिंजरा साफ केल्यावर हात साबणानं धुवा, विष्ठेतून माणसाला फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो.

रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन घ्या. साधारण 80 ते 100 ग्रॅम भरायला हवं. पिसं फुगवून तळाशी बसला, श्वासागणिक शेपूट हलू लागली किंवा वजन दहाव्या हिश्शानं उतरलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. प्राण्यांचं परळचं बैलघोडा हॉस्पिटल तुमच्या जवळ आहे.

मुलापासून ही गोष्ट लपवू नका. मालकाला फोन लावताना त्याला शेजारी बसवा आणि पक्षी द्यायला त्यालाच बरोबर न्या. तो रडेल, रडू द्या. ‘दुसरा आणू’ असं त्याच वेळी कबूल करू नका. कॉकटील 15 ते 20 वर्षं जगतो, तो निर्णय घरातल्या सगळ्यांनी शांतपणे घ्यायचा आहे. नेताना भोकं पाडलेल्या खोक्यात तळाला रुमाल घाला, वरून सुती कापड टाका आणि गर्दीच्या लोकलऐवजी टॅक्सी करा. सोबत आठवडाभराचं खाणं आणि रोजचं वजन कागदावर लिहून द्या, त्यांच्या डॉक्टरांना ते लागेल.